भागोजीचा सेठ

भागोजी उतेकराच्या ओटीवर मोठ्याने बोलायला बंदी होती. भांडायला नव्हती. भांडण असेल तर ते हलक्या आवाजात करावं, एवढीच अट. त्यामुळे वाडीतले बरेच तंटे त्याच ओटीवर मिटत. कुजबुजत्या आवाजात शेजाऱ्याच्या बेचाळीस पिढ्या उद्धरायला मोठी साधना लागते, आणि ती आमच्या वाडीत कुणाचीच नव्हती. दोन वाक्यांतच भांडणाऱ्यांचा दम सुटे आणि मग भागोजी आत वळून सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगे.

बंदीचं कारण ओटीच्या उजव्या कोपऱ्यात, एका जुन्या चौरंगावर ठेवलेलं होतं. लोखंडी चौकटीत बसवलेली चार काचांची पेटी. भागोजी तिला टँक म्हणे, वाडी नुसतं 'काच' म्हणे. आत नदीची वाळू, पाण्यातल्या झाडपाल्याच्या दोन-चार जुड्या, आणि वरच्या अंगाला, जणू पाण्याच्या छताला चिकटून, बोटाएवढे पाच-सहा मासे. "मासा बोलत नाय, मंग आपून कशाला बोंबलायचं?" असा त्याचा सवाल असे.

मी मूळचा महाडचा. एकोणीसशे एकतीस-बत्तीसच्या सुमाराला उमरठच्या अलीकडच्या एका वाडीत शाळामास्तर म्हणून गेलो आणि राहण्याची सोय झाली ती या भागोजीच्या ओटीलगतच्या खोलीत. पोलादपूरपर्यंत मोटार, तिथून पुढे चार तास पायपीट. पोचलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते, आणि पहिली नजर गेली ती माशांवर. आमच्या घरी माशाची दोनच रूपं माहीत: तळलेलं आणि कालवणातलं. मी सहज विचारलं, "हे कधी करायचे?"

"काय करायचे?"

"कालवण."

भागोजीने माझ्याकडे नीट पाहिलं. उंच, हाडकुळा, पन्नाशीला टेकलेला माणूस. अंगात बंडी, कमरेला लंगोटी आणि डोक्याला मात्र मुंबईची काळी टोपी.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी चालून दमलाव. आता काय बोललाव ते मी ऐकलं नाय."

मुंबईत एका पारशी सेठच्या बंगल्यात तो पंधरा वर्षं नोकरीला होता. सेठला माशांचा नाद. कुठकुठल्या मुलखांतून बोटीने आलेले रंगीत मासे त्याच्या दिवाणखान्यात ओळीने मांडलेल्या काचांमधून फिरत, आणि त्यांचं पाणी, चारा, आजार, बाळंतपणं हे सगळं भागोजीकडे. सेठ वारला, मुलांनी बंगला विकला आणि जाताना नोकरांना विचारलं, तुम्हाला आठवण म्हणून काय हवं? कुणी कोट मागितला, कुणी घड्याळ मागितलं. भागोजीने सगळ्यांत लहान टँक मागितला. बोटीने बाणकोट, पडावाने महाड, आणि महाडपासून डोक्यावर, असा तो वाडीत आणला. त्या दिवसाबद्दल त्याची बायको पारूवहिनी अजून जळफळे. "मुंबईवाल्यांच्या बायकांना लुगडी आली, कंदील आले. माझा न्हवरा पंधरा वर्सांनी आला तो रिकामी काच घेऊन."

काच फार दिवस रिकामी राहिली नाही. भागोजीने वाडीखालच्या वहाळातून पिकू धरून आणले आणि तिच्यात सोडले. आता पिकू म्हणजे आमच्याकडे कुणाच्या खिजगणतीत नसलेला मासा. खाचरात, पाटात, डबक्यात, जिथे चार ओंजळी पाणी तिथे तो असतोच. वरून बघितलं तर एक मळकट काडी आणि तिच्या डोक्यावर पांढरा ठिपका. खायला गेलं तर दाताच्या फटीत राहील एवढाच. पोरं धरतात आणि टाकून देतात. पण वाडीने त्याला जन्मभर पाहिला होता तो वरूनच. भागोजीने त्याला काचेत घालून सकाळच्या उन्हासमोर धरला, तेव्हा तो पहिल्यांदा बाजूने दिसला. अंगभर सोनेरी-हिरव्या दाण्यांच्या ओळी, परांना आणि शेपटीला तांबडी किनार. पारूवहिनी भाकरी थापता थापता उठून आली म्हणे, पिठाच्या हातांनी, आणि म्हणाली, "आगो बाय! ह्येला ह्यो शालू कुनी नेसवलान?"

त्यांतला सगळ्यांत मोठा जो नर, त्याचं नाव भागोजीने सेठ ठेवलं होतं. "पगडी काढली का आमच्या सेठचं डोकं असंच चमकायचं," असं कारण तो द्यायचा. शिवाय पिकूचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, त्यामुळे तो नेहमी कुणाची तरी चूक काढत चालल्यासारखा दिसतो. तेही मूळ सेठला लागू होतं, असं भागोजी म्हणे, पण हे तो मोठ्या प्रेमाने म्हणे.

मुंबईहून त्याने एक वाक्य आणलं होतं. सेठ बोलायचे, "फिश को टैम दो." हे वाक्य तो सगळीकडे वापरी. भात शिजला नाही, टैम दो. माझ्या शाळेतल्या एका पोराला वर्षभरात सतराचा पाढा येईना, टैम दो. पारूवहिनी रागावून माहेरी गेली, टैम दो. ती बारा दिवसांनी आली, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

पाण्याचं त्याचं सोवळं तर एखाद्या भटजीला लाजवील असं. वहाळाचं पाणी आणायचं, एक रात्र मडक्यात ठेवायचं, फडक्यातून गाळायचं आणि मगच टँकमध्ये घालायचं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी माशाला बाधतं, म्हणून घरातला हंडा त्या कोपऱ्याच्या जवळपासही फिरकायचा नाही. "पाव्हन्याला तांब्यातलं चालतंय," पारूवहिनी म्हणे, "सासूला चालत व्हतं. ह्येंना चालत नाय."

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भागोजीला खोटं बोलता येत नसे. हे मी गुण म्हणून सांगत नाही, वाडीत तो दोषच समजला जाई. लग्न जुळवायला त्याला कुणी सोबत नेत नसे. एकदा कुणाचा तरी बैल विकायचा होता, तर गिऱ्हाईक आलं की भागोजीला रानात धाडायचं असं ठरलं होतं. पुढे जे घडलं ते कळायला हे माहीत असायला हवं.

पिकूचं खाणं म्हणजे डासांच्या अळ्या. साठलेल्या पाण्यात त्या वळवळतात. भागोजी हातात करवंटी घेऊन रोज घरोघर फिरे आणि रांजणांत डोकावे. पहिल्यांदा बायका लाजल्या. नंतर चिडल्या. सीतावहिनी म्हणून शेजारीण होती, घर आरशासारखं ठेवणारी. एका सकाळी भागोजी तिच्या परसात उभा राहून, अगदी मनापासून, चार बायकांच्या देखत म्हणाला, "किडे बघावं तर सीतावयनीच्या रांजनात! आख्ख्या वाडीत असे मोठे किडे नाय कुनाकडं!"

त्याच्या दृष्टीने ही शाबासकी होती. सीतावहिनीने दोन दिवस चूल पेटवली नाही. तिच्या नवऱ्याने थेट पोलीस पाटलाकडे तक्रार नेली की, भागोजी उतेकराने आमच्या रांजणाची बेअब्रू केली.

पाटील आले. मोठा रुबाबदार माणूस, मिशा कल्ले झाकणाऱ्या. रिवाजाप्रमाणे सगळे ओटीवर बसले आणि हलक्या आवाजात चौकशी सुरू झाली. चहा आला. पाटलांनी बशीत ओतला आणि निवायला म्हणून काचेशेजारी ठेवला. माशांना चारायची वेळ झाली होती म्हणून भागोजीने काचेवर झाकलेलं सूप नुकतंच बाजूला केलं होतं. पिकू उडी मारतो, पाण्याच्या वर बसलेला किडा बरोबर टिपतो. सुपाचं कारणच ते. पाटील पुढे वाकून म्हणत होते, "भागोजी, तू रांजणाला काय म्हणालास ते शब्दाला शब्द सांग," तेवढ्यात त्यांच्या मिशीवर एक चिलट बसलं.

सेठ उडाला. चिलट हुकलं. सेठ पाटलांच्या मिशीवर आपटून खाली बशीत पडला.

"पाटील, हलू नका," भागोजी म्हणाला. त्याने बोटं पाण्यात बुडवली, सेठला बशीतून अलगद उचलला, काचेत सोडला आणि बराच वेळ नाक लावून बघत राहिला. मग मागे वळून अतिशय काळजीने विचारलं, "पाटील, च्या लय गरम व्हता का?"

"नाय," पाटील मिशी पुसत म्हणाले, "निवला व्हता."

"मंग बरं."

आपली नव्हे, माशाची विचारपूस झाली हे पाटलांच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. त्यानंतर त्यांनी चौकशी आटोपती घेतली. रांजण स्वच्छ असल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं आणि चहा न पिता गेले.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण सेठ चहात पडून जिवंत निघाला ही बातमी वाडीभर झाली. दुपारी चहा गरम झाला होता. संध्याकाळपर्यंत तो उकळता झाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली म्हातारी काशीआत्या हळदकुंकवाची कोयरी आणि पदरात चुरमुरे घेऊन ओटीवर आली.

आमच्या भागात नदीला कोंडी, म्हणजे खोल डोह, आहेत, आणि त्यांतल्या काहींत देवीचे मासे असतात. त्या कोंडीतला मासा कुणी धरत नाही, खात नाही. लोक काठावर उभे राहून चुरमुरे टाकतात, नवस बोलतात. काशीआत्या अशा कोंडीच्या काठच्या गावची माहेरवाशीण. तिचा हिशेब सरळ होता.

"खातोस का ह्येंना?" तिने भागोजीला विचारलं.

"नाय गो आत्ये."

"इकतोस?"

"नाय."

"रोज चारतोस. सकाळ-संध्याकाळ वाकून बघतोस. मोठ्यानं बोलू देत नायस. च्या अंगावर घेतला तरी त्याला काय झालं नाय. मंग द्येवीचा नाय तर कुनाचा?"

भागोजी काचेवरचं सूप सारखं करू लागला. मी खोलीच्या दारात होतो. मलाही त्यात काही खोट काढता येईना.

आत्याचा एकुलता एक मुलगा शंकर मुंबईला गिरणीत होता. दोन वर्षं झाली, त्याचं पत्र नव्हतं. सणाला येणाऱ्यांपैकी कुणी म्हणे त्याने खोली बदलली, कुणी म्हणे गिरणी सुटली, कुणी काहीच म्हणत नसे, आणि तेच सगळ्यांत वाईट. मी तिच्यासाठी जुन्या पत्त्यावर तीन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं नाही. आत्या त्या दिवशी काचेसमोर बसली, सेठकडे बोट केलं आणि म्हणाली, "ह्यो जिता हाय तवर माझा शंकर जिता हाय. ह्येला संबाळ रे भागोजी." आणि चिमूटभर कुंकू पाण्यात सोडलं.

भागोजीच्या चेहऱ्यावर मी तेव्हा भीती पाहिली. माशाला मरण आहे, हे त्याच्याइतकं त्या वाडीत कुणाला माहीत होतं?

मग रांगच लागली. कुणाची गाय गाभण राहत नव्हती, कुणाची सून नांदत नव्हती. चुरमुरे पाण्यात फुगून तळाला बसू लागले. नारळाचं पाणी शिंपडलं जाऊ लागलं. पाणी गढूळलं. भागोजी दिवसातून दोनदा पाणी बदले आणि मुंबईच्या हिंदीत पुटपुटे. शेवटी त्याने माझ्याकडून एका पुठ्ठ्यावर लिहवून घेतलं: 'हा मासा आहे. देव नाही.' तो पुठ्ठा त्याने काचेच्या वर टांगला.

आत्याने मला विचारलं, "मास्तर, काय लिव्हलंय?" मी वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबरच हाय," ती म्हणाली. "देव कवा सवता सांगल का, मी देव हाय म्हनून?" आणि पुठ्ठ्यालाही हात जोडले.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी शाळेतून आलो तेव्हा भागोजी ओटीवर कंदील न लावता बसला होता. सेठ गेला होता. कुंकवाने म्हणा, गढूळ पाण्याने म्हणा. भागोजीने त्याला परसातल्या फणसाखाली पुरलं होतं आणि वर दगड ठेवला होता. टँकमधले बाकीचे मासे माद्या आणि पोरंसोरं. सेठच्या जागी उभा राहील असा एकही नव्हता.

"आता?" मी विचारलं.

"आत्या सकाळी येल," एवढंच तो म्हणाला.

सकाळी मला जाग आली ती दारातल्या पावलांनी. धुकं होतं. भागोजी छातीपर्यंत भिजलेला, दात वाजताहेत, आणि हातातल्या गाडग्यात एक पिकू. नर होता, तांबड्या किनारीचा, पण सेठपेक्षा जरा लहान. त्याने तो काचेत सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, तुमी काय बघितलं नाय."

"मी झोपलोय," मी म्हणालो आणि पांघरूण ओढून घेतलं. कान मात्र उघडे ठेवले.

आत्या आली. काचेजवळ बसली.

"बारीक झाला रे ह्यो."

"उपास व्हता काल त्येचा," भागोजी म्हणाला.

"माशाचा उपास?"

"संकष्टी व्हती."

"करू दे बिचारा," आत्या म्हणाली.

ज्या माणसाला बैल विकताना रानात धाडावं लागे, त्याने हे सांगितलं. आत्या गेल्यावर तो माझ्या खोलीत आला आणि उंबऱ्यावर मटकन बसला. तो म्हणाला, "मास्तर, खरी संकष्टी कवा हाय." मला हसू आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं.

एकदा खोटं बोलल्यावर मग त्याने त्यात पद्धत आणली. सेठला कुंकवाचं वावडं आहे, ते काचेच्या बाहेरून लावावं. नारळ परसात फोडावा. चुरमुरे भागोजीच्या हाती द्यावेत, तो सेठच्या तब्येतीप्रमाणे चारील. ते सगळे चुरमुरे त्याने आणि मी चहाबरोबर संपवले. त्या वर्षी मी जितके चुरमुरे खाल्ले तितके पुढे जन्मात खाल्ले नाहीत. पाणी पुन्हा स्वच्छ झालं. पण मासा तो मासाच. एक सूप नीट न झाकल्यामुळे उडी मारून गेला, एक दुसऱ्या नराशी भांडून गेला, एक कशाने गेला ते भागोजीलाही कळलं नाही. प्रत्येक वेळी भागोजी पहाटे वहाळाच्या डोहात उतरे आणि उजाडायच्या आत काचेत सेठ फिरत असे. मला यांतले तीन-चारच माहीत होते.

आत्या रोज येई, रोज काहीतरी तिच्या नजरेला पडे.

"ह्येची शेपूट काल तुटकी व्हती का रे?"

"भांडला काल रातीला."

"कुनाशी?"

"घरात."

किंवा, "आज लईच तांबडा दिसतोय."

"खुशीत हाय."

खोटं बोलताना तो जमिनीकडे बघे आणि त्याचा आधीच हलका असलेला आवाज आणखी खाली जाई. त्याची झोप उडाली. जेवण कमी झालं. एकदा तो मला म्हणाला, "आज सांगून टाकतो मास्तर. ती म्हातारी एका माशावर पोराचा जीव टांगून बसलीय, नि मी तिला रोज नवीन मासा दावतोय. ह्ये पाप हाय." त्याने तोंड धुतलं, टोपी घातली आणि वाट बघत उभा राहिला. आत्या आली, काचेसमोर टेकली आणि म्हणाली, "भागोजी, काल दोन वर्सांत पयल्यांदा मला झोप लागली रे."

भागोजीने टोपी काढली. पुन्हा घातली.

"सेठ पन चांगला झोपला व्हता," तो म्हणाला.

असं ते वर्ष गेलं. पुढच्या शिमग्याच्या आधी माझ्या बदलीचा हुकूम आला. महाडजवळच्या नाते गावी. मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण वळकटी बांधताना सारखं लक्ष ओटीकडे जात होतं. मी निघणार होतो ती शिमग्याची दुसरी सकाळ. आदल्या संध्याकाळी मुंबईकर आले होते, आणि त्यांच्याबरोबर, कुणाला आधी काही न कळवता, शंकर आला होता.

गिरणी सुटली होती. दुसरं काम लागेपर्यंत आईला तोंड दाखवायची लाज वाटली, आणि पत्र तरी काय लिहू, असं म्हणता म्हणता तीन वर्षं गेली, एवढीच त्याची गोष्ट. अंगाने चांगला भरला होता. डोक्याला सुगंधी तेल होतं. पायांत बूट घालून तो धुळीतून मोठ्या काळजीने चालत होता.

सकाळी अख्खी वाडी भागोजीच्या ओटीवर लोटली. सेठने शंकरला आणला, यात कुणाला शंका नव्हती. सीतावहिनीने ताट आणलं होतं. तिचा नवरा नारळ घेऊन आला होता. पोलीस पाटील काचेपासून जरा लांब, खांबाजवळ उभे होते. भागोजी काचेच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, पकडलेल्या चोरासारखा उभा होता. सगळे त्याचं अभिनंदन करत होते आणि तो जमिनीकडे बघत होता.

शंकर पुढे झाला, बूट काढले, आणि काचेसमोर वाकणार तेवढ्यात आत्याने त्याची बंडी मागून धरली.

"थितं नाय," ती म्हणाली. "हितं." आणि त्याला भागोजीकडे वळवला.

"पयला मासा मेला तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला," आत्या म्हणाली. "दुपारची आले व्हते, घरात कुनी नव्हतं. पोट वर करून पडला व्हता. म्हनलं, संपला माझा शंकर. कुनाला बोलले नाय. दुसऱ्या दिशी सकाळी हितं रडायला म्हनून आले, तर ओटीवर पान्याची पावलं, ह्यो भागोजी कुडकुडतोय, नि काचंत मासा फिरतोय. मला म्हनतो संकष्टी व्हती." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "कोन कुनासाठी येवढं करतो रे? मंग मी रोज यायचे ती माशाला बघायला नाय. ह्यो अजून उतरतोय का पान्यात, ते बघायला यायचे. ह्येनं सोडलं नाय, म्हनून मी सोडलं नाय. नऊ येळा मासा बदललान ह्येनं. नऊ येळा! शंकऱ्या, पड पाया."

सगळी वाडी भागोजीकडे बघत होती. आयुष्यात एकच गोष्ट न जमणारा माणूस तीच गोष्ट वर्षभर करत होता, आणि आता सगळ्यांसमोर उघडा पडला होता. तो लाल झाला. ओठ हलले. मला वाटलं, आता हा माफी मागणार.

"सात," तो म्हणाला.

"काय?"

"नऊ नाय आत्ये. सात. दोन येळा तोच व्हता. पानी बदललं म्हनून रंग उजळला."

आधी पारूवहिनी हसली, मग पाटील, मग सगळी ओटी. शंकर तोवर त्याच्या पायांवर वाकला होता. भागोजीने त्याला उठवलं, चौरंगाखालचं गाडगं काचेत बुडवून उचललं, आणि तो गर्दीतून वाट काढत आत निघून गेला.

मला उशीर होत होता. सगळ्यांचा निरोप घेतला आणि भागोजीला शोधत मागच्या परसात गेलो. तो फणसाच्या पलीकडे पाठमोरा उभा होता. पुढे होऊन पाहिलं, तर गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. दोन्ही हातांत गाडगं धरलं होतं. गाडग्यात पहिल्यानंतरचा सातवा सेठ होता.

"लय डूटी केलान बिचाऱ्यानं," भागोजी म्हणाला. "आता ह्येला घरी सोडून येतो. तुमी निघा मास्तर, मोटार चुकंल."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने मान हलवली आणि तो वहाळाच्या वाटेने उतरू लागला, पाणी हिंदकळू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत. मोटार चुकणारच होती. तो झाडांआड दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.